मांस सोडलेला खाटीक

बाजाराच्या तिसऱ्या गल्लीत त्यांचं मटणाचं दुकान होतं आणि सगळे त्यांना काटेकाका म्हणत. खरं आडनाव निराळंच होतं. ते फक्त लाइटबिलावर यायचं. काटेकाका हे नाव पडलं ते हातामुळे. गिऱ्हाइकाने अर्धा किलो म्हणावं, काकांनी रांगेवर नजर ठेवूनच सुरा फिरवावा, तुकडा तागडीत टाकावा आणि काटा बरोबर अर्ध्या किलोवर जाऊन उभा राहावा. नवं माणूस संशयाने वाकून तागडीच्या खाली बघायचं. काका म्हणायचे, "खाली काही नाही, बाई. जे आहे ते मनगटात आहे." या मनगटावर त्यांनी चाळीस वर्षं घर चालवलं.

खाणंही तसंच दांडगं. ज्या ताटात मटण नाही ते त्यांच्या लेखी आजाऱ्याचं ताट. त्यात दिवसाला पंधरा सिगारेटी, दहा वर्षांपासून साखरेची गोळी, आणि रात्री पोटात जळायला लागलं की पित्ताची गोळी. चालणं किती, तर मटण तोडायच्या ओंडक्यापासून मागच्या शीतपेटीपर्यंत. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी एका शनिवारी सकाळी सत्तूर उचलता उचलता छातीत कळ आली आणि ते ओंडक्यावरच आडवे झाले, तेव्हा आश्चर्य वाटलं ते त्यांना एकट्यालाच.

सरकारी इस्पितळात हृदयात दोन स्टेंट बसवले. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सहा गोष्टी सांगितल्या. सिगारेट कायमची बंद. रोज चाळीस मिनिटं चालायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. मीठ आणि चरबी कमी. भाज्या, डाळी, फळं वाढवायची. मटण महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, तेही बेताने. मुलाने सहाच्या सहा गोष्टी लिहून घेतल्या आणि त्यातली शेवटची तेवढी मनावर घेतली, तीही आपल्या पद्धतीने.

मुलगा एकुलता एक, एकतीस वर्षांचा, व्यायामशाळेत शिकवायचा. बोलायला लागला की समोरच्याच्या पदरात काहीतरी घातल्याशिवाय राहायचा नाही. तो खाटेशी बसला आणि म्हणाला, "बाबा, मांस बंद. पूर्ण. मासे नाहीत, अंडं नाही, दूधसुद्धा नाही."

"डॉक्टर तर एखाद-दुसऱ्या वेळी म्हणाले."

"डॉक्टर लोकांच्या कलाने घेतात. मी तुम्हाला परत त्या ट्रॉलीवर बघू शकणार नाही." आणि त्याचे डोळे भरून आले. लहानपणानंतर काकांनी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि इथे तर पोटचा पोरगा पाय धरून बसला होता. काका हो म्हणाले.

दुकानाचंही तसंच झालं. सत्तूर उचलायचा नाही हे ठरलेलंच होतं, मग गाळा बंद ठेवून काय करायचं? दीड महिन्याने काका काठी टेकत बाजारात गेले तेव्हा गाळ्याला हिरवा रंग लागला होता. वर पाटी होती, 'हिरवा घास'. मटण टांगायच्या आकड्यांना कुंड्या टांगलेल्या, त्यांतून वेली खाली लोंबत होत्या. ओंडका घासून, पॉलिश करून मधोमध ठेवलेला, त्यावर काचेच्या बरण्यांत मोड आलेली कडधान्यं. रस, सॅलड, उकडलेल्या भाज्यांचे डबे, असा सगळा कारभार.

काकूंनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "घास? म्हणजे गुरांचा का?"

मुलगा सोडून सगळे हसले.

आणि खोटं कशाला बोला, पहिली दोन वर्षं बहार झाली. काकांचं वजन एकोणीस किलोंनी उतरलं. सिगारेट सुटली. सकाळी ते तळ्याच्या रस्त्याने चालायला जायचे आणि येताना तीन मजले न थांबता चढायचे. इस्पितळातले डॉक्टर कागद बघून म्हणाले, उत्तम. छातीत दुखणं नाही, धाप नाही. भोपळा, दुधी, पालक, मूग हे सगळं पहिले काही महिने त्यांनी औषध म्हणून गिळलं, मग सवयीने खाल्लं, आणि एके दिवशी ताज्या काकडीचा वास त्यांना चक्क आवडला. हे सगळं खरं होतं. पुढे इतकं झालं तरी काकांनी ते कधी नाकारलं नाही.

मुलाने ते खरं फ्रेममध्ये घातलं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर काकांचा माणसाएवढा फोटो लागला. पांढरा सदरा, हसरा चेहरा आणि दोन्ही हातांत पालकाची जुडी. खाली मोठ्या अक्षरांत: 'चाळीस वर्षं मांस विकलं. आता आयुष्य मिळालं.' फोटोखाली स्टूल, स्टुलावर खुद्द काका. गिऱ्हाइकं विचारायची, "काका, खरंच फरक पडतो का हो?" काकांनी सांगायचं, "दहा वर्षांनी लहान झालो." हे वाक्य मुलाने लिहून दिलं होतं. दिवसातून तीस वेळा म्हणून म्हणून काकांना ते आपलंच वाटायला लागलं.

जुनी गिऱ्हाइकं यायची, पण खायला नव्हे, बघायला. एक जण म्हणाला, "वाघाने उपास धरला म्हणायचं." समोरच्या फळीवर मासे विकणारी बाई काकांची वीस वर्षांपासूनची शेजारीण, तोंडाने फटकळ. ती एकदा मासळी साफ करता करता म्हणाली, "काटेभाऊ, काचेतल्या बाहुल्यासारखं बसवलंय तुम्हाला पोराने. निदान पापणी तरी हलवत जा." काका हसले. पण त्या दिवशी स्टुलावर बसवेना.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पाय बदलले. प्रथम तळव्यांना मुंग्या यायच्या. मग चपलेत वाळू शिरल्यासारखं वाटायचं. काका चपला काढून झटकायचे, वाळू काही निघायची नाही. मग एकदा चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही, अर्धी गल्ली ते एका पायाने अनवाणी चालून आले. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, साधं लिंबूपाणी झोंबायचं. शर्टाची बटणं लावायला काकू लागायला लागल्या. हातातून पेले सुटायचे. एका बाईने गाजराचा रस मागितला, काकांनी मान डोलावली आणि आत जाऊन तसेच उभे राहिले, काय आणायला आलो होतो ते आठवेना.

"शरीर साफ होतंय," मुलगा म्हणाला. "चाळीस वर्षांचं विष आहे, बाबा. निघताना त्रास देणारच."

"पायातून निघतंय का?" काका म्हणाले.

"सगळीकडून निघतं."

काकू म्हणाल्या, "वय पण झालंच की आता." झालं. विष आणि वय या दोघांच्या डोक्यावर सगळं फोडून घर मोकळं झालं. काकांनाही ते पटत होतं, कारण छाती ठणठणीत होती आणि त्यांच्या हिशेबी माणूस मरतो तो छातीने.

रविवारी सकाळी दुकानात गर्दी जमवायला मुलाने एक खेळ सुरू केला होता. काकांच्या जुन्या हातखंड्याचा. ओंडक्यावर लाल भोपळा ठेवायचा, गिऱ्हाइकाने वजन सांगायचं आणि काकांनी एका घावात तेवढा तुकडा काढायचा. माणसं मोबाइल धरून उभी राहायची. काकांना हे मनापासून आवडायचं; आठवड्यातून तेवढाच वेळ त्यांच्या हातात सुरा यायचा.

त्या रविवारी वीस-पंचवीस माणसं होती. कुणीतरी अर्धा किलो सांगितला. काकांनी तुकडा काढला, तागडीत टाकला. काटा पाऊण किलोच्याही पुढे गेला. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय. पण काकांचं तोंड उतरलं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी दातओठ खाऊन भोपळा परत ओढला, डाव्या हाताने दाबून धरला आणि सुरा घातला. भोपळ्याच्या पिवळ्या गरावर लाल पसरायला लागलं. चाळीस वर्षं या ओंडक्यावर रक्त बघितलेलं. त्यामुळे क्षणभर त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. पुढची बाई किंचाळली तेव्हा त्यांनी हाताकडे बघितलं. तर्जनी आणि मधलं बोट हाडापर्यंत चिरलं होतं. दुखत नव्हतं. जराही नाही.

मुलगा धावत आला. त्याने आधी दोन्ही हात वर करून लोकांना सांगितलं, "रेकॉर्डिंग बंद करा, कृपा करून बंद करा." मग काकांच्या हाताला फडकं गुंडाळलं, त्यांना मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि म्हणाला, "इथंच थांबा. एवढी माणसं निघाली की आलोच."

काका भाज्यांच्या पोत्यांमध्ये थांबले. फडकं भिजलं, त्याच्याखालचं पोतं भिजायला लागलं. बाहेर मुलगा हसत हसत काहीतरी सांगत होता, ओंडका पुसल्याचा आवाज येत होता. शेवटी मागच्या दाराने मासेवाली आत आली. तिने हात बघितला, दुकानाकडे तोंड करून एक कचकचीत शिवी हासडली आणि आपल्या टेम्पोत बर्फाच्या खोक्यांशेजारी बसवून त्यांना इस्पितळात नेलं.

टाके घालणारी डॉक्टर तरुण होती, पण तिचं लक्ष नुसतं बोटांवर नव्हतं. ती म्हणाली, "काका, बधिर करायचं इंजेक्शन अजून चढलेलं नाही. मी सुई घातली, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत."

"कळलं नाही," काका म्हणाले.

तिने पट्टी बांधली आणि मग लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून घोट्याच्या हाडाला लावलं. "थरथर लागते का?" नाही लागत. गुडघ्याला? थोडीशी. मग तिने त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटल्याबरोबर काका झाड कोसळावं तसे बाजूला गेले. मासेवालीने धरलं म्हणून वाचले.

खातात काय, गोळ्या कोणत्या, कधीपासून, सगळं डॉक्टरने विचारून घेतलं. मग ती संगणकाकडे वळली आणि जुन्या नोंदी वाचू लागली.

"वार्षिक तपासणीत तुमचं बी-ट्वेल्व्ह बघितलं होतं. फार कमी आलंय. लाल खूण केली आहे, ताबडतोब भेटा म्हणून. तुम्ही आला नाहीत."

"कधीचं आहे?"

"आठ महिन्यांपूर्वीचं. दिलेल्या नंबरवर रिपोर्ट गेलाय. दोनदा फोनही केलाय, तशी नोंद आहे." तिने नंबर वाचून दाखवला. तो मुलाचा होता.

मासेवालीने काकांकडे बघितलं नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि तिच्या फटकळ तोंडातून शब्द निघाला नाही, यावरूनच काकांना कळलं की आपण जे ऐकलं ते बरोबर ऐकलं.

त्यांनी डॉक्टरला विचारलं, "म्हणजे मांस सोडलं म्हणून हे झालं?"

"मी जन्मात मांस खाल्लेलं नाही, काका. माझे पाय शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाली. "पण मी दूध पिते, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घेते. तुम्ही मांस सोडलंत यात चूक नाही. पण हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येतं. ते सगळं बंद करायचं तर बाहेरून गोळी घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. त्यात तुमची साखरेची गोळी आणि पित्ताची गोळी, दोन्ही ते अंगी लागू देत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे साठा आधीच कमी असणार."

"रक्त तर चांगलं आहे म्हणत होते."

"पालेभाज्या भरपूर खाता ना, त्याने रक्त चांगलं दिसतं. नसा आतून जात राहतात."

"आणि छाती बरी झाली ती?"

"सिगारेट सोडलीत, चालायला लागलात, वजन उतरवलंत, गोळ्या वेळेवर घेतल्यात, भाज्या खाल्ल्यात. कशाने किती झालं ते कोण सांगणार? भाज्यांचा वाटा आहेच. पण सगळं श्रेय त्यांनाच दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल." "हात सुधारतील बहुतेक. पायांचं आज सांगता येत नाही. आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर सांगितलं असतं."

पहिलं इंजेक्शन तिथंच टोचलं. तेही कळलं नाही.

घरी मुलगा आधीच येऊन बसला होता. काकांनी रिपोर्टचा छापील कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलाने तो हातात घेतला नाही. लांबूनच ओळखला.

"मी बघणार होतो, बाबा."

"आठ महिने?"

"तेव्हा दुसऱ्या शाखेची बोलणी चालली होती. म्हटलं, एवढं उरकू दे. तुमची इंजेक्शनं सुरू झाली असती तर बाजारात कळायला किती वेळ लागतो? पाटीवरचाच माणूस दवाखान्यात जातो म्हटल्यावर आत कोण येणार?"

"मग गुपचूप द्यायचीस गोळी," काका म्हणाले. "पित्ताची म्हणून द्यायचीस. मी कधी विचारलंय का, ही कसली आणि ती कसली? तू दिलेलं सगळं गिळत आलो. तेवढी एक गोळी घालायची होतीस त्यात."

आठ महिन्यांत ही एवढी साधी गोष्ट मुलाला सुचलीच नव्हती, की सुचूनही जमली नव्हती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, "एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला म्हणाला होता. कसल्याशा जीवनसत्त्वाची कमतरता आहे, आजकाल सगळ्यांनाच असते म्हणून."

काकांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. छत्तीस वर्षांचा संसार. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावणारे हात तेच.

"तुला माहीत होतं."

"कमतरता म्हणाला हो. पाय जातील असं थोडंच म्हणाला? आणि पोरगा तुमच्यासाठीच तर करत होता."

काका मुलाकडे वळले. "खरं सांग. तुला मला वाचवायचं होतं, की ते दुकान पुसून टाकायचं होतं?"

"दोन्ही," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच शिकवणाऱ्याचा राहिला नाही. "शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. वास येतो म्हणायचे. मी शाळेत जायच्या आधी तीन-तीनदा अंघोळ करायचो, साबण संपतो म्हणून आई ओरडायची. तुम्हाला कधी कळलं? तुम्हाला आपला काटा बरोबर यायला हवा, बस."

"सांगायचं होतंस."

"सांगून काय केलं असतंत? दुकान बंद केलं असतंत?"

नसतं केलं. काकांना ते ठाऊक होतं आणि मुलालाही. "त्या वासावरच तू मोठा झालास" हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पण दोघांनाही ते ऐकू आल्यासारखं झालं. मुलगा उठून गेला.

काकू ताट वाढायला लागल्या. म्हणाल्या, "झालं ते झालं. आता इंजेक्शनं सुरू झाली ना, होईल बरं. बाहेर कुठे बोलू नका म्हणजे झालं."

दुसरी शाखा तीन आठवड्यांनी उघडायची होती. काका जाणार नव्हते. पण काकू रोज मागे लागल्या. "भिंतीवर तुमचा फोटो लावायचा आणि तुम्हीच नाही, लोक काय म्हणतील? नुसते जाऊन बसा. बोलायचं काही नाही." शेवटी बायकोच्या भुणभुणीला कंटाळून ते गेले. नवा सदरा काकूंनीच चढवला.

दुकान मोठं होतं, वातानुकूलित. खुर्च्या मांडल्या होत्या, लोकांना फुकट रस वाटला जात होता. मुलगा माइक घेऊन बोलला, छान बोलला. काका खुर्चीत बसून होते, पट्टीचा हात खिशात. मग लोकांना काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून माइक फिरला, आणि मागून एक बाई उठली. चाळिशीची असेल, हातात इस्पितळाची प्लास्टिकची पिशवी. तिने मुलाकडे बघितलंच नाही. ती थेट काकांना म्हणाली, "काका, माझ्या नवऱ्याला गेल्या आठवड्यात अटॅक आला. त्यांना मटणाशिवाय घास उतरत नाही. मी भांडून सगळं बंद केलं, तर वाचतील का हो ते?"

काकांच्या जिभेवर ते तीस वेळचं वाक्य तयारच होतं. पण ती बाई उत्तराची वाट बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते जाहिरातीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नसतं. काकांनी माइक मागून घेतला.

"माझी छाती बरी झाली, हे खरं आहे," ते म्हणाले. "भाज्या खाऊन झाली, सिगारेट सोडून झाली, चालून झाली, गोळ्यांनी झाली. सगळ्यांनी मिळून झाली. आणि माझे पाय गेले, हेही खरं आहे. पायाखाली जमीन आहे की नाही ते मला कळत नाही. हात चिरला तरी कळत नाही. रक्तात एक गोष्ट कमी पडली होती, ती कुणी भरून दिली नाही. मटण कमी करा, बाई. जरूर करा. पण काय बंद करायचं आणि त्याच्या जागी काय द्यायचं ते डॉक्टरला विचारा. या पाटीला विचारू नका. मलाही विचारू नका."

लोकांचे रसाचे पेले हातातच राहिले. काकांना वाटलं, झालं, सांगितलं एकदाचं.

मग मुलाचा हात त्यांच्या खांद्यावर आला, हलका, प्रेमाचा. दुसऱ्या हाताने त्याने माइक काढून घेतला. "बाबांना अलीकडे जरा विसरायला होतं," तो हसून म्हणाला. "वय झालं. एका गोष्टीची दुसरीत सरमिसळ करतात. परवा गाजराचा रस आणायला गेले आणि तिथंच उभे राहिले." लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेने हसले, आपापल्या घरातले म्हातारे आठवून. "पण छाती बघा त्यांची, ठणठणीत आहे. ते तर त्यांनी सांगितलंच."

काकांनी बोलायला तोंड उघडलं. आणि नेमका शब्द सापडेना. कुठला शब्द हवा होता तेही आठवेना. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने उठून त्यांना पाणी दिलं आणि हळूच दंड थोपटला. पेला त्यांच्या हातातून सुटला. मग तर कुणाला काही शंकाच राहिली नाही.

ती बाई माहितीपत्रक घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने ते तिच्या पिशवीत घडी करून ठेवताना काकांनी बघितलं.

त्यानंतर बाप-लेकाचं बोलणं संपलं. भांडण झालं नाही. बोलण्यासारखं काही उरलं नाही एवढंच. मुलगा नव्या शाखेजवळ भाड्याने राहायला गेला. आईला रोज फोन करायचा, दर रविवारी डबा पाठवायचा. डबा उत्तम असायचा, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

इंजेक्शनांनी हात परत आले. पूर्ण नाही, पण बटणं लागायला लागली, शब्द जागच्या जागी सापडायला लागले. डॉक्टर म्हणाली, डोक्याचं आणि हाताचं वेळेवर निभावलं. पायांबद्दल ती बोलायची नाही आणि काका विचारायचे नाहीत.

हात आले तसे एक दिवस ते काकूंना म्हणाले, "आज मटण कर." काकूंनी केलं, तीन वर्षांत त्यांचा हात विसरला नव्हता. घरभर वास सुटला. काकांनी पहिला तुकडा तोंडात घातला, चावला, चावत राहिले. तो खाली जाईना. चिवट, चरबट, परक्या माणसाच्या घरचं जेवण जेवल्यासारखं. उलटी येईल असं वाटलं. त्यांनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला. रागाने खायचं म्हटलं होतं, तर तोंडाने तेवढीही साथ दिली नाही. मुलाने त्यांचं दुकान नेलं, पाय नेले, शब्द नेला, हे ते समजू शकत होते. पण ही चवही त्याचीच झाली होती, आणि तिला खोटं म्हणता येत नव्हतं.

"डाळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे सकाळची," काकू म्हणाल्या आणि गरम करायला उठल्या.

तेव्हापासून ते डाळ-भाजीच खातात. सोबत दूध, एक अंडं आणि महिन्याला एक इंजेक्शन. कुणी विचारलं, काका, अजून शाकाहारीच का, तर हो म्हणतात. का ते सांगत नाहीत.

संध्याकाळी दोघं नवराबायको तळ्याच्या रस्त्याने चालतात. काका काठी घेतात आणि मान खाली घालून चालतात. पाऊल कुठे पडतंय ते पायाला कळत नाही, डोळ्याने बघूनच टाकावं लागतं. काकू शेजारून बोलत असतात. मुलाचं काय चाललंय, तिसरी शाखा कुठे निघतेय, तो किती वाळलाय. काका हूं म्हणतात, नाहीतर तेही म्हणत नाहीत.

परवा काकू मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "वर्ष झालं, चालताना एकदासुद्धा माझ्याकडे बघत नाही तुम्ही. इतका राग धरायचा?"

काकाही थांबले, काठी रोवली, पण मान वर केली नाही.

"बघितलं तर पडेन," ते म्हणाले, आणि पुढचं पाऊल बघून टाकलं.